वरून रंग, आतून बर्फ

बाबांनी आयुष्यभर लोकांची घरं रंगवली आणि म्हातारपणी स्वतःचं घर दोनदा जाळायला निघाले. गॅसवर दूध ठेवायचं आणि बाल्कनीत जाऊन समोरच्या इमारतीच्या रंगाला नावं ठेवत उभं राहायचं, हा त्यांचा उद्योग. दुसऱ्या वेळी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी धूर पाहून दार ठोठावलं, म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी मी शेगडी काढून नेली आणि म्हटलं, आता माझ्याकडे चला.

ते नाही म्हणाले. आईच्या आठवणी आहेत वगैरे काही कारण दिलं असतं तर मी समजूनही घेतलं असतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की माझं मला जमतं. मग वादावादी झाली, मग अबोला, आणि शेवटी करार झाला. मी त्यांना एअर फ्रायर आणून द्यायचा, कारण तो वेळ संपली की आपोआप बंद होतो. डॉक्टरांनी त्यांना चिकन ब्रेस्ट खायला सांगितलं होतं, ते फ्रीजरमध्ये भरून ठेवायचं. रविवारी दुपारचं जेवण त्यांनी एकट्यानं करायचं. खाण्याजोगं झालं तर मी हा विषय जन्मात काढायचा नाही. नाही झालं तर त्यांनी मुकाट्यानं सामान बांधायचं. शिजेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही, ही अट त्यांची. पोटची पोर आहे, ओळखून आहेत मला.

रविवारी मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. बाबांनी पाकीट काढलं. आत दोन तुकडे होते, एकमेकांना घट्ट चिकटलेले. नळाखाली धरून, सुरी घालून त्यांनी ते सोडवले. एकावर मीठ, मिरपूड, तिखट टाकलं. बर्फावर कसलं टिकतंय ते, सगळं घसरून ताटलीत! यावर त्यांनी काय करावं? कपाटातून कोरा करकरीत ब्रश काढला, रंगाचा, आणि तुकड्याला तेलाचा पहिला हात दिला. त्यावर परत मसाला. मशीनच्या तापमानाचा आकडा नेला सगळ्यात वर. वरचा आकडा दिलाय तर खालचा कशाला घ्यायचा, असं मलाच ऐकवलं.

घड्याळाकडे त्यांनी बघितलंच नाही. भिंत काय घड्याळ बघून वाळते? जरा वेळ झाला की खण ओढायचा, रंग बघायचा, तेलाचा आणखी एक हात मारायचा आणि खण आत ढकलायचा. दर वेळी सगळी वाफ बाहेर. मी ओठ घट्ट दाबून धरले होते, आणि मला त्याची सवय नाही.

रंग मात्र अप्रतिम आला, खोटं कशाला बोलू? बाबांनी तुकडा ताटलीत घेतला, दोन पावलं मागे सरकले आणि मान तिरकी करून पाहिलं. मग सुरी लावली. ती निम्म्यात अडली. आत गुलाबी मांस आणि मधोमध कचकचीत बर्फ.

मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, मी मनातल्या मनात त्यांच्या पलंगपोसांचीसुद्धा घडी करून टाकली. माझ्याकडची मागची खोली मी आधीच झाडून ठेवली होती, पडदेही नवे लावले होते.

बाबा चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. त्या तुकड्याकडे बघत राहिले. "ओली भिंत रंगवली मी," म्हणाले. या एका चुकीसाठी त्यांनी किती कारागिरांना कामावरून हाकललं होतं, ते घरात सगळ्यांना पाठ आहे. मग म्हणाले, करार दुपारच्या जेवणाचा आहे आणि दुपार अजून सरलेली नाही. मला बोलायची बंदी होती.

पहिला तुकडा कचऱ्यात गेला. दुसरा त्यांनी तसाच कोरा मशीनमध्ये ठेवला, आकडा मधला घेतला आणि खण बंद केला तो बंदच. बाल्कनीत गेले नाहीत. स्टूल ओढून मशीनसमोर बसले. तुकडा मऊ पडल्यावर बाहेर काढला, सुटलेलं पाणी कागदानं टिपलं आणि मग तेल, मीठ, मसाला लावला. आता सगळं नीट बसलं. उलटून परत आत. रंगासाठी आच वाढवली ती अगदी शेवटी. मग जिथे सगळ्यात जाड होता तिथे कापून पाहिला. आरपार पांढरा, रसही स्वच्छ.

मी खाल्लं. चांगलं झालं होतं. मी म्हटलं, मीठ कमी आहे. त्यांनी एक घास खाऊन सांगितलं, बरोबर आहे. मी म्हटलं, कडा वातड झाल्यात. आणि आज मी समोर होते म्हणून स्टुलावर बसलात, उद्या कोण बसवणार आहे तुम्हाला?

बाबांनी काटा खाली ठेवला. "तुला नक्की काय हवंय?"

मग मात्र माझ्या तोंडून निघून गेलं. लेक नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं. रिकाम्या खोलीत टीव्ही लावून मी स्वयंपाक करते, कोणीतरी बोलत असावं म्हणून. हे सगळं मी त्यांच्यावर ओरडत सांगितलं, जणू काही त्यांचाच गुन्हा. डोळ्यांत पाणी आलं त्याचाही राग आला.

त्यांनी ऐकून घेतलं. 

"हे आधी बोलली असतीस तर त्याच संध्याकाळी आलो असतो गं," ते म्हणाले. "म्हातारा धड राहिला नाही म्हणून न्यायला निघालीस. मग धड आहे हे दाखवणं आलं."

"मग आता चला ना, बाबा."

"आता कसा येऊ? आत्ताच तर जिंकलो."

हे ते हसून म्हणाले नाहीत. त्यांनाही यायचं होतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. पण माझं मला जमतं हा शब्द त्यांचा होता, जन्मात विषय काढणार नाही हा माझा, आणि मी एकदा बोलून गेले तरी शब्द मागे घ्यायला आमच्या दोघांपैकी कोणीच तयार नव्हतं. उरलेला तुकडा त्यांनी मधोमध कापला आणि मोठा भाग माझ्या ताटलीत ठेवला.