कडक लायनर

बद्रीनाथनं पुढचं चाक काढून आडवं ठेवलं, ड्रममधली काळी भुकटी फुंकून टाकली आणि वर्तमानपत्रावर ब्रेकच्या लायनरच्या दोन जोड्या मांडल्या. दिसायला अगदी सारख्या. एक नरम, दुसरी कडक.

"सायेब, आता ठरवा. आठ दिवस झाले, निस्तं पाहून राह्यलात."

जगन्नाथनं एक जोडी उचलली, ठेवली, पुन्हा तीच उचलली. तो नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत हिशेबनीस होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आवाज खालचा. पण संक्रांतीनंतरच्या एका रविवारी हा माणूस कुणाला ओळखू यायचा नाही. शहराबाहेरच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत भरायची, आणि रोज ऑफिसला नेणारी येझदीच तो मडगार्ड काढून तिथं उतरवायचा. शहाऐंशीच्या शर्यतीत तो पहिल्या दोघांत होता. ऐन रंगात नरम लायनर तापलं, वळणावर ब्रेक लागेना आणि गाडी थेट तुरीच्या शेतात शिरली. वर्ष होत आलं तरी लोक त्याला 'तुरीवाले' म्हणत. तो हसायचा, पण त्याला ते लागायचं.

"कडक टाकलं तर?"

"मैदानात बिलकुल दगा न्हाई. तापंल तसं धरंल. पण सकाळी थंड असलं का धरत न्हाई, हे बी सांगून ठेवतो. अन् तुमच्या मागं बाई बसत्यात."

"शर्यतीपुरतं बदलून टाकू."

"ड्रममधी बराबर बसायलाच त्याला पंधरा-वीस दिवस पाहिजेत. काय टाकायचं ते आजच टाका."

जगन्नाथ पायीच घरी गेला. घर जुन्या जालन्यात, तिथून कुंडलिकेच्या पुलापर्यंत सगळा उतार, आणि रोज सकाळी सुहासिनी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या मागं बसायची. ती पुलापलीकडच्या शाळेत शिक्षिका होती. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यानं शर्यतीचं हेल्मेट पुसलं, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि माळ्यावर पार मागं सारून ठेवलं. सुहासिनी दारातून बघत होती.

"उद्या शाळेत जाताना बद्रीनाथला सांग," तो म्हणाला, "नरमच टाक म्हणावं. नरम, लक्षात ठेव."

"ठेवते," ती म्हणाली.

दोन दिवसांनी गाडी आली. सकाळी उतारावर जगन्नाथनं ब्रेक दाबला आणि गाडी काही थांबेना. पुढं कडब्याची बैलगाडी. त्यानं दोन्ही पाय टेकून, चपला घासत येझदी कशीबशी आवरली. सुहासिनी पिशवीसकट त्याच्या पाठीवर आदळली.

तिला शाळेत सोडून तो तणतणत गॅरेजवर गेला. बद्रीनाथ म्हणाला, "बाईंनी कडक सांगितलं, म्या कडक टाकलं," आणि त्याचं पुढचं बोलणं ऐकायला जगन्नाथ थांबलाच नाही.

"अगं, नरम सांगितलं होतं ना तुला?" घरी आल्यावर तो ओरडला.

"नरम म्हणजे लेचंपेचं वाटलं मला," सुहासिनी म्हणाली. "चहा कडक चांगला, इस्त्री कडक चांगली. मंग ब्रेक बी कडकच पाहिजे ना?"

जगन्नाथ कपाळाला हात लावून खाली बसला. मग त्याला हसू फुटलं, ते थांबेना. दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस हसलं.

चूक झालीच आहे तर आता कडकच राहू दे, असं जगन्नाथनं ठरवलं, पण सकाळचा प्रश्न उरलाच. गाडी आधी फिरवून तापवावी, तर खाली जाऊन पुन्हा वर येईपर्यंत शाळेची घंटा व्हायची. सुहासिनीच म्हणाली, "घरापासून पूल ओलांडेपर्यंत मी पायी येत जाईन. तुम्ही पुढं जाऊन गरम करा."

"ये बापडी. तुझ्या चुकीची शिक्षा तूच भोग," तो म्हणाला.

मग रोज तो ब्रेक दाबत दाबत पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या लिंबाखाली तिची वाट बघायचा. थंडीत पदर कानाला गुंडाळून ती भराभरा चालत यायची. इतर शिक्षिका विचारत, घरात भांडण झालं की काय. शर्यतीत जगन्नाथ दुसरा आला, पुढच्या वर्षी पहिला. बक्षिसाची कळशी सुहासिनीनं स्वतः घासून मांडणीवर ठेवली. तुरीवाले हे नाव लोक विसरले. कडक लायनर झिजताही झिजेना, त्यामुळे पूल तिच्या वाट्याला बरेच दिवस राहिला.

दोन हजार पाच साली त्यांच्या मुलीचा, शिवकन्येचा, साखरपुडा झाला. येझदी केव्हाच विकली होती. जगन्नाथनं नव्या व्याह्यांना तो किस्सा ऐकवला. गेली कित्येक वर्षं तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवत आला होता. "चहा कडक, इस्त्री कडक," तो सुहासिनीचा आवाज काढून म्हणाला आणि सगळी बैठक हसली. पेढे वाटता वाटता सुहासिनीही हसली.

शेजारी बसलेला म्हातारा बद्रीनाथ हा किस्सा पहिल्यांदाच ऐकत होता, तो मात्र गोंधळला.

"असं कसं सायेब? बाईंला तर म्या दोन्ही लायनर हातात देऊन समजून सांगितलं व्हतं. त्यायनं इचारलं, सकाळी कुठवर धरत न्हाई? म्या म्हनलं, पूल वलांडंस्तोवर. तवा बाई म्हनल्या, मंग कडकच टाका, पूल मी पायी येईन."

व्याही पेढ्याचं कौतुक करत होते. जगन्नाथ उठला आणि स्वयंपाकघरात गेला. सुहासिनी कपबशा पुसत होती.

"बद्रीनाथ काय सांगून राह्यला?"

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

"तेव्हाच का न्हाई बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला पायी येऊ दिलं असतं का?" ती म्हणाली. "लगेच नरम टाकून आला असतात. अन् मंग जन्मभर मला मागं बसवून, तोंड पाडून गाडी चालवली असती. त्यापरीस पूल बरा."

जगन्नाथनं तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेल्या कपबशा पुसल्या.

बाहेर उशिरा आलेले पाहुणे टेकले होते. त्याला बघताच व्याही म्हणाले, "अहो, यांनाही सांगा की तो आमच्या विहीणबाईंचा कडकचा किस्सा!"

"कुठला?" जगन्नाथ म्हणाला. "मला न्हाई आठवत."