खालून एक वीत

मी तोंडाचा फाटका आहे, हे आधीच सांगून ठेवतो. चाळीस वर्षं विद्यापीठात काच फुंकली. नळ्या, चंबू, सगळं माझ्या हातचं. त्यामुळे तळघरातल्या प्रयोगशाळेत आमच्या काचेच्या तारा तुटायला लागल्या, तेव्हा मी सरळ लंबूवर खापर फोडलं.

लंबू म्हणजे पीएचडी करणारी पोरगी. दारातून वाकून आत येते, म्हणून लंबू. तिकडे लांब दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की इथली जागासुद्धा कणभर ताणली जाते. ते ताणणं पकडणाऱ्या यंत्रात जड आरसे टांगायचे असतात, आणि त्यासाठी तार लागते काचेची. पोलादाची तार स्वतःच आतून थरथरते, मग यंत्राला नको ते ऐकू येतं. मी काचेची कांडी ज्योतीवर धरून तार ओढायचो, केसाच्या चार-पाचपट जाड. लंबू तिची टोकं जोडून खाली पंधरा किलो टांगायची. सात दिवस टिकली तर आमच्या तारा यंत्रात जाणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा, असं गटाच्या प्रमुख बाईंनी सांगितलंच होतं.

अकरा तारा तुटल्या. एखादी दुसऱ्या दिवशी, एखादी चौथ्या.

"तुझं जोडकाम कच्चं आहे," मी म्हणालो. "माझ्या तारेत खोट नाही."

"काका, जोड शाबूत आहे. तार वर तुटतेय."

"मग टांगताना हिसका देत असशील."

तिनं वहीत तार कुठे तुटली ते टिपून घेतलं. माझ्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? पण बारावी तुटली त्या दुपारी ती बाईंना म्हणाली, चार वर्षं झाली, आता सोडते, घरी सांगायला काही उरलेलं नाही. मी तिथेच उभा होतो. रात्री मला घास गेला नाही.

"त्या लेकराला टोचून झालं असेल, तर जरा स्वतःकडेही बघा," बायको म्हणाली. तिला काचेतलं ओ की ठो कळत नाही, पण मला ती पुरती ओळखून आहे.

सकाळी लंबूची वही टेबलावर उघडी होती. कुठली तार कुठे तुटली, सगळं मांडलेलं. खालच्या टोकापासून एकोणीस सेंटीमीटर, वीस, पुन्हा एकोणीस. मी नाक मुरडलं आणि तेरावी ओढायला घेतली. ती गार झाली, करंगळी खालच्या टोकाशी टेकली, आणि माझा अंगठा आपसूक तिच्यावरून फिरून थांबला. खालून एक वीत.

वडिलांनी लावलेली सवय. तार सरळ आहे की नाही, ते डोळ्याआधी अंगठ्याला कळतं, म्हणायचे. ओढलेल्या तारेला काहीही लागू द्यायचं नाही, एवढासा ओरखडा वजनानं उघडतो, हे प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. पण माझ्या हातात मोजा असायचा, म्हणून मी ते हात लावण्यात धरलंच नव्हतं. तेरावी तिथेच ठेवून मी लंबूकडे गेलो.

लंबू खोक्यात पुस्तकं भरत होती.

"त्या बाराही मी तोडल्या," मी म्हणालो, आणि अंगठा कसा फिरतो ते करून दाखवलं.

तिनं पट्टी आणली, माझी वीत मोजली. साडेएकोणीस. मग खाली बसली आणि रडली, आणि रडता रडताच हसायला लागली.

"माफ कर, पोरी," मी म्हणालो. सवय नसल्यामुळे ते जरा खेकसल्यासारखंच झालं.

"खोकं सोडा ते," ती म्हणाली. "चौदावी ओढा."

चौदावी ओढली आणि दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले. सातव्या दिवशी तार तशीच होती. दहाव्या दिवशी बाईंनीच वजन उतरवायला लावलं.

मग लंबूनं कामाच्या सगळ्या पायऱ्या लिहून यंत्राच्या लोकांना पाठवल्या. नववी पायरी अशी: तार ओढून झाल्यावर काकांनी दोन्ही हात खिशात घालावेत.

तिकडून विचारणा आली. बाकी सगळं समजलं, पण आमच्याकडे काका नाहीत, ही पायरी गाळली तर चालेल का?

लंबूनं मला वाचून दाखवलं आणि माझ्यासमोरच उत्तर लिहिलं: चालणार नाही. तुमच्याकडे काचेचं काम ज्याला सगळ्यात चांगलं येतं, तो काका.