तुलनेसाठी सोडलेलं शेत

पाणलोटाच्या कामाची तपासणी करणाऱ्या बाई सात वर्षांनी त्या टेकडीवर परत आल्या, त्या खुशीतच. चर खणलेले उतार हिरवेगार झाले होते, झाडं डोक्यावर गेली होती. शेतोशेत सळई रोवून बाईंनी मातीची खोली मोजली, वहीत टिपली. राहिलं एकच शेत, फरक कळावा म्हणून मुद्दाम तसंच सोडलेलं.

तिथे पोचल्या आणि जागीच थिजल्या. शेत कसलं, नुसता खडक! मधोमध पुरुषभर खोल घळ. सळई बोटभरही आत जाईना, टण्णकन वाजे.

शेताचे मालक, एक म्हातारे काका, शेताकडेच्या आपल्या घराच्या पायरीवर दोर वळत बसले होते.

"काका, अहो हे काय! तीन वर्षांची तर बोली होती. पुढे तरी बांध घालायचात!"

काका गोंधळले. "तुम्ही येऊन सांगणार होतात ना? म्हणालात, मी सांगेपर्यंत कुदळ लावू नका. वाट बघत होतो."

बाईंना आठवलं. तीन वर्षांनी प्रकल्प संपला, त्यांची बदली झाली आणि हा निरोप द्यायचा राहूनच गेला. वर चार पावसाळे!

"मी दोनदा निघाले होते खणायला," दारातून काकांची सून म्हणाली. "बाबांनी अडवलं. म्हणे शब्द दिलाय, त्यांचं मोजमाप बिघडेल."

"फरक कळला का पण?" काकांनी अगदी साधेपणाने विचारलं.

बाई काकांशेजारी पायरीवर बसल्या. सुनेने पाणी दिलं.

"चूक माझी आहे, काका," त्या कशाबशा म्हणाल्या.

काका उठले. दोर तसाच टाकून आत निघून गेले.

बाईंनी ऑफिसला फोन लावला. साहेब म्हणाले, आधी अहवाल पाठवा. "आधी माणसं पाठवा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग सुनेने काकांच्या त्या दोराचं एक टोक धरलं, बाईंनी दुसरं. संध्याकाळपर्यंत दोघींनी दोन चर आखले.

पावसाळ्यानंतर सुनेचा फोन आला. ऑफिसच्या माणसांनी खणून दिलेल्या वरच्या चराने चार बोटं गाळ धरला होता.

"आणि काका?"

"बघून आले. बोलले नाहीत अजून."