दीड की तीन

त्या पत्राला मी वेळेवर उत्तर दिलं नाही. कारणं पुष्कळ सांगता येतील, पण त्यातलं एकही मलाच पटत नाही.

पत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं. ती आता शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. तिने लिहिलं होतं: 'सर, तुमच्या पुस्तकातलं टकरींचं सातवं उदाहरण परीक्षेत जसंच्या तसं आलं. एक किलोची गाडी सेकंदाला सहा मीटर वेगाने येते, तीन किलोच्या उभ्या गाडीला आदळते आणि दोन्ही चिकटून पुढे जातात. वेग किती? माझ्या वर्गातल्या एका मुलीने दीड लिहिलं. पुस्तकात तीन आहे, म्हणून तिला शून्य. दोन गुणांनी तिची विज्ञानाची जागा जाते आहे. लेखकाने स्वतः लिहून दिलं तरच समिती मानणार आहे, तेही वीस तारखेच्या आत.'

पत्र आलं तेव्हा नऊ तारीख होती.

पुस्तक काढलं. सातव्या उदाहरणात मी टकरीआधीची गतिज ऊर्जा आणि टकरीनंतरची गतिज ऊर्जा सारखी धरली होती. अठरा बरोबर अठरा, वेग तीन. कसं स्वच्छ उत्तर! त्या स्वच्छपणानेच माझा घात केला. वर्गात मी वर्षानुवर्षं बजावत आलो होतो, "गाड्या चिकटल्या की ऊर्जेला हात लावायचा नाही. ती थोडी आवाजात जाते, थोडी पत्रा चेपण्यात, थोडी उष्णतेत. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, तेवढाच टिकतो." आधी संवेग सहा होता. माझ्या उत्तराने तो बारा होत होता. नुसत्या आदळण्याने दुप्पट! असं होत असतं तर गाड्यांना इंजिनं कशाला लागली असती?

तरी वाटलं, घाईने लिहू नये. उदाहरणात काही वेगळी अट असेल. मी जुनी हस्तलिखितं उपसली. मग कच्चा मसुदा केला, तो लांबला. दुसऱ्यात क्षमा जास्त झाली. तिसऱ्यात गणित कमी पडलं.

"चूक आहे ना?" बायकोने विचारलं.

"आहे."

"मग लिहा, चूक आहे. दोन शब्द."

"अगं, सविस्तर लिहायला हवं. समिती आहे."

"तुमचं सविस्तर म्हणजे वरातीमागून घोडं. लग्नाआधी मला पत्र लिहायलासुद्धा तुम्हाला पाच महिने लागले होते. मी होते म्हणून थांबले. समिती थांबणार आहे का?"

समिती थांबली नाही. वीस तारखेला माझा नववा मसुदा चालू होता. एकवीस तारखेला मी पुस्तक कपाटात ठेवलं आणि कपाटाकडे पाठ करून बसू लागलो.

पुढच्या आठवड्यात पत्र लिहिणाऱ्या बाई दारात उभ्या. सोबत दोन वेण्यांची मुलगी. बाईंनी पत्राचं नाव काढलं नाही. त्यांच्या त्या सभ्यपणाने मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हिने दुसऱ्या शाखेत नाव घातलं," बाई म्हणाल्या. "विज्ञानाची जागा भरली. आता काही करता येणार नाही. पण हिला तुम्हाला एक विचारायचंय."

मुलगी वहीच्या कोपऱ्याची घडी करत होती. "आजोबा, मी दीड काढलं होतं. मग सगळे म्हणाले, पुस्तकात तीन आहे. मी घरी परत केलं, परत दीड. तिसऱ्यांदा केलं तेव्हा तीन आलं. कसं आलं मला कळलं नाही. आता कुठलंही गणित केलं की वाटतं, हेही चुकलंच असेल. बरोबर काय आहे?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको ऐकत होती. मला फक्त 'दीड' म्हणायचं होतं. एवढासा शब्द. माझ्या तोंडून आलं, "बघून सांगतो हं."

मुलीने मान हलवली. मोठ्या माणसांच्या अशा उत्तरांची तिला सवय असावी. पायऱ्या उतरताना ती बाईंना म्हणाली, "म्हणजे तीनच असेल."

बायको बाहेर आली. तिने टेबलावर एक कोरा कागद ठेवला आणि वर माझा चष्मा.

मी लिहिलं:

'बाळ, आधीचा संवेग एक गुणिले सहा, म्हणजे सहा. नंतर दोन्ही मिळून चार किलो. सहा भागिले चार, दीड. तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं, दुसरंही. तिसऱ्यांदा तीन आलं, कारण तू माझ्या चुकीपर्यंत पोचायचा प्रयत्न केलास. अठरापैकी साडेतेरा एकक ऊर्जा टकरीत गेली. ती परत गाड्यांना देता येत नाही. तुझी जागाही मला परत देता येत नाही. मला वेळेवर कळलं होतं, तरी मी लिहिलं नाही.'

खाली सही केली. मसुदा ठेवला नाही, पुन्हा वाचलंही नाही. वाचलं असतं तर खोडलं असतं. समितीसाठी याचीच एक प्रत करून दुसऱ्या पाकिटात घातली. आता तिचा उपयोग नाही हे ठाऊक होतं, तरी घातली.

टपालपेटी कोपऱ्यावरच आहे. दोन्ही पाकिटं फटीत सरकवली, पण बोटं सुटेनात. मागे एक बाई पत्र घेऊन उभी होती. "टाकताय ना, काका?" ती म्हणाली.

टाकली.