माणिकप्पाचा डावा कान

उदगीरच्या डाळमिलमध्ये माणिकप्पाची एकवीस वर्षं मशीनवर गेली होती. कुठली बेअरिंग जायला आलीय, हे तो लांबून नुसत्या आवाजावर सांगायचा. मिलमध्ये त्याला मान होता तो याच कानांमुळं. म्हणून वर्षाकाठी होणाऱ्या कानाच्या तपासणीची त्याला धास्ती वाटायची.

यंदा तपासायला लातूरहून अंजू आली होती. ऑफिसमागच्या शांत खोलीत तिनं त्याला हेडफोन लावला. "मामा, अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं."

उजव्या कानाचं निभावलं. डाव्यात काहीच येईना. मग अंजूचं बोट यंत्रावर हललं, की तो बटण दाबू लागला. पाच-सहा वेळा तसं झाल्यावर ती थांबली.

"मामा, आत्ता मी आवाज सोडलाच नव्हता."

माणिकप्पानं मान खाली घातली. "ताई, खरं लिहिलं तर मला मशीनवरून काढतेत."

"मशीनवर असताना कानात बूच घालता का?"

"घातलं तर मशीन कसं ऐकू येणार?"

अंजूनं त्याची खुर्ची भिंतीकडं फिरवून पुन्हा तपासलं. तपासणीच्या कागदावर डाव्या कानाची रेघ गेल्या वर्षीपेक्षा बरीच खाली आली होती. "गेलेलं परत येत नाही, मामा. राहिलेलं मात्र राखता येतं," ती म्हणाली, आणि त्याला घेऊन मालकाकडं, श्रीशैलकडं गेली. दोन दिवस गोंगाटापासून लांब ठेवून पुन्हा तपासायचं, मग कानाच्या डॉक्टरला दाखवायचं, असं तिनं सांगितलं.

श्रीशैल म्हणाला, "मशीनवरून काढतो कशाला? दुसरं कोण हाय माझ्याकडं?"

पुन्हा तपासलं तरी रेघ तिथंच होती. गोंगाटानंच कान गेला, असं डॉक्टरही म्हणाले. अंजूनं बूच चिमटीत वळून, कान वर ओढून नीट बसवायला शिकवलं. पहिला आठवडा माणिकप्पा आंधळ्यासारखा वावरला. मग मशीनच्या सांगाड्यावर तळहात ठेवून तो थरथरीवरून बिघाड ओळखू लागला.

तीन महिन्यांनी अंजू परत आली आणि तिनं पुन्हा कान तपासले.

"रेघ अजून उतरली का?" त्यानं विचारलं.

"नाही. आहे तिथंच आहे."

त्या संध्याकाळी घरी गुरम्मा भाकरी थापता थापता त्याच्या डाव्या बाजूनं काहीतरी म्हणाली. एरवी तो नुसता हूं करायचा आणि नवरा लक्ष देत नाही म्हणून ती रुसायची. आज तो उठून दुसऱ्या बाजूला बसला.

"तो कान गेलाय माझा," तो म्हणाला. "लई दिवस झाले. आता बोल."

गुरम्माचा हात परातीतच थांबला.