नवरीने उंबऱ्यातून लावलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, पण जुना म्हणून माझी कीव करू नका. रेवस बंदरावरच्या अजितच्या सहा आसनी रिक्षात, मागच्या सीटखाली माझा मुक्काम असतो. टेपमधून येणारा इवलासा आवाज घ्यायचा, त्याला बळ द्यायचं आणि स्पीकरकडे धाडायचं, हे माझं काम. ते माझ्याइतकं चोख करणारा अख्ख्या धक्क्यावर दुसरा नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. मला छाती नाही, ही गोष्ट वेगळी.

अजितने मला पनवेलहून आणलं, तेव्हा लाँचची वाट बघणारी माणसं मुद्दाम आमच्या गाडीजवळ उभी राहायची. काय माझा थाट! मग दसरा आला, गाडीची पूजा झाली. माझी काळी, अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जिथे स्क्रूने आवळलेली आहे, नेमकं तिथेच अजितच्या आईने ओलं हळदकुंकू भरपूर लावलं. माया मोठी, पण जागा चुकली. त्यात खारा वारा. स्क्रू गंजला आणि इंजिन सुरू झालं की गाण्याबरोबर माझ्यातून घूं घूं निघू लागली. ती झाकायला अजितने माझं ‘गेन’चं बटण शेवटपर्यंत पिळलं. ते बटण आवाज मोठा करायलाच असतं, हा त्याचा ठाम समज; खरं तर ते टेपच्या आवाजाशी माझा मेळ बसवायला असतं. मी फाटक्या आवाजात बोंबलू लागलो आणि शिव्या मात्र मलाच बसल्या.

अशात अजितची धाकटी बहीण क्रांती हिचं लग्न ठरलं. ती माणगावला राहून एका दुकानात गाड्यांचे स्पीकर बसवायची. त्यांची आजी आवडाबाई म्हणजे धवलारीण, लग्नाच्या विधींना धवले, म्हणजे पारंपरिक लग्नगीतं, गाणारी. पण यंदा तिचा गळा बसला तो बसलाच. म्हणून हळदीला गाडी दारात आणून सुरू ठेवली आणि तिचाच जुना धवला, मोबाइलमध्ये भरून ठेवलेला, टेपला जोडून माझ्यातून लावला. दोन ओळी झाल्या आणि म्हातारी उठली.

“बंद कर रं! यो माजा आवाज न्हाय. असला धवला लावाचा, त्यापरीस मुकं लगीन लावा!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नाही. क्रांती दारातच बसली आणि तिथूनच तिने भावाला कामाला लावलं.

“दादा, काळी वायर सोड. पत्रा घास, लखलखीत दिसला पायजे.”

“आईचं हळदकुंकू हाय त्यावर!”

“आई लावील परत, टपावर. घास तू.”

वायर पुन्हा घट्ट आवळली. मग तिने अजितला गाडी सुरू करायला, टेपचा आवाज पाऊण ठेवायला आणि माझं गेन पार खाली आणायला लावलं.

“आता वाढव. हळू, दादा, नारळ न्हाय सोलाचा! हां, फाटला. थोडा मागं घे. बस!”

घूं घूं गेली. मी मोकळ्या गळ्याने तोच धवला गाऊ लागलो.

आवडाबाई ऐकत होती. तिच्या आवाजामागून आणखी एक बारीक आवाज येत होता, तिची प्रत्येक ओळ झेलणारा. इतका वेळ तो माझ्या गोंगाटाखाली बुडालेला होता. आजी लगबगीने गाडीशी आली.

“ही ठमी हाय माजी!”

ठमाबाई तिची धवल्यातली जन्माची जोडीदारीण. गेल्या वर्षी ती वारली. आजीने पदराने डोळे पुसले आणि सीटवर हात ठेवला.

“थांब ठमे, येकटी नको गाऊ,” म्हणत बसक्या गळ्याने तिने ओळ उचलली.

मित्रांनो, माझी वायर घासूनपुसून ठेवा, बटणं बेताने फिरवा. गोंगाट कोणीही करील. तुम्ही माझी एवढी निगा राखा, तुमच्या एकाही माणसाचा आवाज मी बुडू देणार नाही.