पायरीपर्यंत गाडी

साहेब निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या अंगातली गाडी काही निवृत्त झाली नव्हती. नोकरीत असताना ती रोज कचेरीच्या पायरीला लागायची, शिपाई दार उघडायचा आणि साहेबांचं पाऊल पडायचं ते थेट पायरीवर. फाटकापासून पायरीपर्यंतची जमीन इतर लोकांसाठी असते, असं त्यांचं ठाम मत होऊन बसलं होतं. आता कचेरी गेली, शिपाई गेला. सुंभ जळला तरी पीळ तेवढा राहिला. दवाखान्यात जायचं असलं तरी गाडी दाराला टेकल्याशिवाय ते उतरत नसत, मग मागच्या गाडीत रोगी कितीही वेळ कण्हत बसलेले असोत.

अशा माणसाबरोबर धाकटी परदेशाच्या राजधानीतला जगप्रसिद्ध चौक बघायला निघाली होती. धाकटी म्हणजे साहेबांची बायको. साठी उलटली तरी थोरल्या बहिणीने ठेवलेलं हे नाव तिला चिकटलेलंच होतं, आणि तिला ते आवडायचंही. साहेबांच्या घरात तिला नाव असं नव्हतंच, ‘अगं’ होतं.

चौकाशी धाकटीची ओळख जुनी. लहानपणी घरात बटणं ठेवायचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्याच्या झाकणावर हाच चौक रंगवलेला होता. मधोमध तीन ब्राँझचे घोडे, मागे घंटेचा मनोरा, आणि कोपऱ्यात छत्री घेतलेली एक नाकउडवी बाई. दोघी बहिणी त्या झाकणाला नावं ठेवण्यात दुपारच्या दुपारी घालवायच्या. घोड्यांचे दात बघून ताई म्हणायची, हे तपकीर ओढतात. छत्रीवालीशी कुणी लग्न केलं नाही म्हणून ती अशी उभी आहे, हे धाकटीने ठरवून टाकलं होतं. घंटा मात्र दोघींना आवडायची. ती वाजते कशी, यावर खूप भांडणं झाली होती. शेवटी ठरलं, की जी आधी तिथे जाईल तिने दुसरीला ऐकवायची.

मागच्या वर्षी ताईची नजर गेली. होती तेवढी सगळी गेली. धाकटीने प्रवास ठरल्याचं कळवलं तेव्हा ताई म्हणाली होती, “फोटो पाठवू नकोस, माझ्या काय कामाचे? बाराची घंटा ऐकव. आणि कसं आहे ते खरं सांग. गोड बोललीस तर फोन ठेवून देईन.”

घंटा दिवसातून एकदाच वाजायची, दुपारी बाराला. आज शेवटचा दिवस, संध्याकाळी विमान. आधीचे सगळे दिवस साहेबांनी हॉटेलच्या उशांची तक्रार करण्यात आणि संग्रहालयाच्या दारापर्यंत टॅक्सी का जात नाही, याचा जाब विचारण्यात काढले होते. चौक त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण समारंभात मुख्य पाहुणा शेवटी बोलतो. तिकडे ताईची सून फोन घेऊन सासूजवळ बसणार होती, आणि ताई सकाळपासून तयार होऊन बसली असणार, हे धाकटीला न विचारताही माहीत होतं.

पहिला टॅक्सीवाला भला माणूस होता. त्याने एका गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली, पुढे बोट दाखवलं आणि दोन बोटं तळहातावर चालवून दाखवली. साहेबांनी ती बोटं नीट बघितली आणि त्यांचा चेहरा आंबला.

चालायचं, असं म्हणतोय का हा? अर्ध्या वाटेत उतरवतोय, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. परदेशी टॅक्सीवाले ठग असतात, हे त्यांनी निघण्यापूर्वीच वाचून ठेवलं होतं. त्यांनी इंग्रजीत खडसावलं, मग तेच इंग्रजी आणखी मोठ्याने बोलले, कारण आवाज वाढवला की भाषा कळते अशी त्यांची समजूत होती. टॅक्सीवाल्याने खांदे उडवले. धाकटी म्हणाली, चार पावलं तर चालायचंय, बघू तरी. साहेब म्हणाले, एवढा मोठा चौक, त्याला गाडीचा रस्ता नसेल होय? राष्ट्राध्यक्ष काय गल्लीतून चालत येतात?

उतरले, ते दुसरी टॅक्सी पकडायला.

साहेबांच्या फोनची बॅटरी सकाळीच संपली होती, म्हणून धाकटीचा फोन नकाशासाठी त्यांच्या हातात होता. मागच्या सीटवर बसून ते डावीकडे, उजवीकडे असा हात करत होते. उंटावरून शेळ्या हाकायचा त्यांना आयुष्यभराचा सराव. दुसऱ्या टॅक्सीने मोठा फेरा घेतला आणि दुसऱ्याच एका गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. पुन्हा तळहातावर दोन बोटं चालली. साहेब म्हणाले, यांची टोळी आहे.

तिसऱ्या टॅक्सीत बसताना धाकटीने मनोऱ्याकडे बघितलं. घरांच्या छपरांवरून त्याचं टोक दिसत होतं. मघापासून ते कधी डावीकडे होतं, कधी मागे, आता उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी तेवढंच जवळ. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपण चौकाच्या बाहेरून चौकाला प्रदक्षिणा घालतोय, हे तिला स्वच्छ कळलं. तिने तसं सांगितलं. साहेबांनी नकाशावरून मान वर केली नाही.

तिसरी टॅक्सी थांबली. गल्ली अरुंद होती आणि तिच्या पलीकडच्या टोकाला उजेडात हिरवट पडलेली एक ब्राँझची शेपटी दिसत होती. धाकटीला हसू आलं. झाकणावर घोड्यांच्या शेपट्या कधी दिसल्या नव्हत्या.

“घोडे आहेत तिथे,” ती म्हणाली.

“घोडे काय, कुठेही असतात,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढे चला अशी खूण केली.

बाराला थोडाच वेळ होता. चाळीस वर्षं धाकटी अशा वेळी गप्प बसत आली होती. त्या गप्प बसण्याला लोक समजूतदारपणा म्हणायचे, आणि तिला त्या शब्दाची आता किळस आली. तिने साहेबांच्या हातातून आपला फोन काढून घेतला.

“मी इथे उतरते.”

“अगं, आधी मुख्य दार तर सापडू दे.”

“चौकाला दार नसतं,” धाकटी म्हणाली आणि टॅक्सीचं दार उघडून चालू लागली.

गल्ली संपली आणि चौक आला. नाव मोठं, लक्षण खोटं. मनोरा आखूड, अर्ध्या भागावर बांबूंची परांची. तीनपैकी एक घोडा दुरुस्तीसाठी फडक्यात गुंडाळलेला, दुखणाईतासारखा. जगभरातून आलेली माणसं चौकाकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होती, आणि कबुतरांनी उरलेल्या दोन घोड्यांची इभ्रत ठेवली नव्हती.

तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला सुनेने उचलून ताईच्या कानाला लावला.

“ताई, ऐक हं,” एवढंच बोलून तिने हात उंच धरला.

घंटा वाजली. फुटक्या घागरीवर कुणी पळी आपटावी तशी वाजली, आणि बाराही ठोके तिने तसेच काढले. धाकटीने फोन कानाला लावला. पलीकडे ताई हसायला लागली, तिला ठसका लागेपर्यंत हसली.

“एवढ्यासाठी आपण भांडलो?” ती म्हणाली. “आता सांग. दात कसे आहेत?”

“दात नाहीतच गं. तोंडं मिटलेली आहेत. चित्रकाराने पदरचे घातले होते.”

“मेला लबाड. आणि छत्रीवाली?”

“तिच्या जागी कचऱ्याचा डबा आहे.”

दोघी हसत राहिल्या. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पुसलं नाही, इथे कोण बघतंय. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

“साहेबांना कसा वाटला चौक?” ताईने विचारलं.

धाकटीने मागे वळून बघितलं. समोरच्या गल्लीच्या तोंडावरून तीच टॅक्सी हळूहळू जात होती. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि डावीकडे वळायला सांगत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

“त्यांची गाडी अजून पायरीला लागली नाही,” ती म्हणाली.

आणि घोड्यांच्या चौथऱ्याच्या पायरीवर बसून ती ताईला गुंडाळलेल्या घोड्याबद्दल सांगू लागली.